दवाखान्याचे सांडपाणी आणि मेंब्रेनचे गाळणे : कोटेशनवर सही करण्यापूर्वी

आमचा धंदा कापडाचा. कोरे कापड घ्यायचे, रंगाईला पाठवायचे आणि ताके बांधून पुढे विकायचे, यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा दवाखान्याच्या सांडपाण्यावर आम्ही काय लिहिणार, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. हकीकत अशी की, ज्या धर्मादाय दवाखान्याच्या ट्रस्टवर आम्ही काम करतो, तेथे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लँटसाठी तीन कोटेशने आली. त्यांपैकी दोन 'मेंब्रेन'ची होती. एका विक्रेत्याने सांगितले, पाणी पिण्याइतके स्वच्छ होईल. दुसऱ्याने सांगितले, जंतू आणि औषधे सगळेच अडेल. बैठकीला बसलेल्या आम्हा सात जणांपैकी एकालाही त्यातले काही कळत नव्हते. पैसा मात्र लोकांच्या देणगीचा होता.

याच दवाखान्यात पूर्वी बसवलेला एक प्लँट दोन वर्षांत बंद पडला. त्याच्या कोरड्या टाकीत आज मोडके पलंग ठेवलेले आहेत. तीच गोष्ट पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही या विषयाची माहिती जमवली, जाणकारांना विचारले, चालू असलेले प्लँट पाहिले. त्यातून जे समजले ते येथे देत आहोत. आपल्या समाजातील अनेक मंडळी लहानमोठ्या दवाखान्यांच्या ट्रस्टवर असतात. त्यांना याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

दवाखान्याच्या पाण्यात वेगळे काय?

दवाखान्याच्या गटारातून जाणारे बहुतेक पाणी घरच्यासारखेच असते. संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि धुलाई यांचेच पाणी त्यात जास्त. परंतु त्यात आणखी काही गोष्टी मिसळतात. रोग्यांच्या मलमूत्रातील जंतू, प्रयोगशाळेतील रक्त आणि रसायने, फरशी पुसण्याची जंतुनाशके, आणि लघवीवाटे बाहेर पडणारी औषधे. आपण गिळलेल्या गोळीचा सगळा भाग शरीरात मुरत नाही. कित्येक औषधांचा बराचसा हिस्सा जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर जातो.

यातील प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, हा चिंतेचा भाग आहे. गटारात जंतूही आहेत आणि थोडे थोडे औषधही आहे, अशा ठिकाणी औषधाला न जुमानणारे जंतू टिकून राहतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी दिल्लीतील रस्त्यांवर आणि नाल्यांत साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले होते. त्यांपैकी ५१ नमुन्यांत 'एनडीएम-१' हे जनुक सापडले. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांतही ते होते. हे जनुक ज्या जंतूत असते त्याच्यावर अगदी शेवटच्या फळीची औषधेही चालेनाशी होतात. ते पाणी शहराचे होते, कोणा एका दवाखान्याचे नव्हते. परंतु अशा जंतूंचे रोगी जेथे दाखल होतात त्या दवाखान्याने आपले पाणी तसेच सोडून देणे किती धोक्याचे आहे, हे यावरून समजते.

मेंब्रेन म्हणजे काय?

मेंब्रेन म्हणजे अतिशय बारीक छिद्रांचा पडदा. कापडवाल्याला हे चटकन समजते. आपल्या नेहमीच्या सुती कापडात दोन धाग्यांमधील फट काही दहा मायक्रॉनची असते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पोटात बिघाड करणारा ई-कोलाय जिवाणू १ ते २ मायक्रॉन लांब असतो. म्हणून मलमल चौपदरी केली तरी तिच्यातून तो सहज निघून जातो. सांडपाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेंब्रेनची छिद्रे साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची असतात. त्यातून जिवाणू जाऊ शकत नाही.

हा पडदा दोन प्रकारांत मिळतो. पहिला प्रकार सपाट पत्र्याचा. यात एका चौकटीवर न विणलेले, म्हणजे नॉन-वोव्हन कापड असते आणि त्यावर प्लास्टिकचा सच्छिद्र थर असतो. दुसरा प्रकार पोकळ धाग्याचा. आम्ही त्याचा तुकडा हातात घेऊन पाहिला तेव्हा आश्चर्य वाटले. पॉलिएस्टरच्या सुताची, पायजम्याच्या नाडीसारखी गुंफलेली पोकळ दोरी, साधारण २ मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यावर पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकचा लेप. अशा शेकडो दोऱ्या एका चौकटीत टांगून टाकीत बुडवतात. पंप आतून ओढतो, पाणी बाहेरून दोरीच्या पोकळीत शिरते आणि मळ बाहेर राहतो.

प्लँट कसा चालतो?

नुसत्या मेंब्रेनने सांडपाणी शुद्ध होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. खरे काम टाकीतील जिवाणू करतात. सांडपाण्यात हवा सोडली की हे उपयोगी जिवाणू वाढतात आणि पाण्यातील घाण खातात. जुन्या पद्धतीत यानंतर पाणी दुसऱ्या टाकीत स्थिर ठेवतात. जिवाणूंचा गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी सोडून देतात. गाळ नीट बसला नाही की पाणी गढूळ जाते.

मेंब्रेनच्या पद्धतीत गाळ खाली बसण्याची वाट पाहावी लागत नाही. पडदाच गाळ अडवतो. त्यामुळे टाकीत जिवाणू दाट ठेवता येतात. जुन्या पद्धतीत लिटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम, तर मेंब्रेनच्या टाकीत ८ ते १२ ग्रॅम. जिवाणू दाट असल्यामुळे टाकी लहान पुरते. शहरात ज्या दवाखान्याला हातभर मोकळी जागा नाही, त्याच्यासाठी हा मोठा फायदा आहे. या जोडकामाला 'मेंब्रेन बायोरिॲक्टर', थोडक्यात एमबीआर, असे म्हणतात. पडदा टाकीबाहेर न ठेवता टाकीतच बुडवण्याची युक्ती जपानमधील काझुओ यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली. तिच्यामुळे विजेचा खर्च पुष्कळ उतरला आणि ही पद्धत जगभर पसरली.

काय अडते आणि काय अडत नाही?

येथे विक्रेत्याचे बोलणे आणि वस्तुस्थिती वेगळी होते. जिवाणू अडतात, हे खरे. विषाणू जिवाणूंपेक्षा कितीतरी लहान असतात. तरीही गाळाला चिकटून आणि पडद्यावर जमलेल्या थरात अडकून त्यांतील पुष्कळसे अडतात, परंतु सर्व नाही. म्हणून एमबीआरनंतरही थोडे क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा दिवा लागतो. पाणी स्वच्छ असल्यामुळे क्लोरीन मात्र कमी पुरते.

औषधांची गोष्ट निराळी आहे. औषध पाण्यात विरघळलेले असते. रंगाईच्या हौदातील पाणी कितीही दाट कापडातून गाळले तरी ते रंगीतच उतरते, हे आमच्या धंद्यातला पोरगाही सांगेल. औषधाचा कण साधारण मायक्रॉनच्या हजाराव्या भागाएवढा असतो. एमबीआरचे छिद्र त्याच्यापुढे दरवाजाएवढे आहे. जे औषध टाकीतील जिवाणू खाऊ शकतात तेवढेच कमी होते. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ते बऱ्यापैकी संपवतात. दुखण्यावरचे डायक्लोफिनॅक अर्धेमुर्धेच कमी होते. फिटांवर दिले जाणारे कार्बामाझेपीन जवळजवळ तसेच बाहेर पडते. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या आयोडीनयुक्त द्रवाचेही तसेच आहे.

मग औषधे काढण्यासाठी काय करतात? एमबीआरच्या पुढे आणखी एक पायरी जोडतात. ओझोन वायूने औषधाचे तुकडे करतात किंवा सक्रिय कोळशात ते शोषून घेतात. कोळसा भरला की बदलावा लागतो आणि ओझोनला वीज लागते. तिसरा मार्ग आरओचा. आरओचा पडदा विरघळलेले पदार्थही अडवतो, पण अडवलेला माल नाहीसा होत नाही. तो उरलेल्या घट्ट पाण्यात राहतो.

तिरुपूरच्या रंगाईवाल्यांनी हा धडा फार महाग किमतीत घेतला. नोय्यल नदी रंगाईच्या पाण्याने बिघडली तेव्हा आरओ बसवले गेले, परंतु उरलेल्या खारट पाण्याचे काय करायचे हे जमले नाही. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील ७०० हून अधिक रंगाई कारखाने बंद झाले. आरओ विकणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा : उरलेले पाणी कोठे जाणार?

इतर देशांतील अनुभव

चीनमध्ये बीजिंगच्या हायडियन भागातील एका रुग्णालयात पोकळ धाग्यांच्या एमबीआरचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. घाण चांगली कमी झाली आणि ई-कोलायही जवळजवळ सगळे अडले. २००३ मधील सार्सच्या साथीनंतर त्या देशाने रुग्णालयांच्या पाण्यासाठी २००५ मध्ये वेगळी मानके केली आणि पुढे तेथील अनेक रुग्णालयांनी एमबीआर घेतले.

जर्मनीत गेल्सेनकिर्शेन येथील मारीएनहॉस्पिटलमध्ये २०११ मध्ये प्लँट सुरू झाला. तेथे औषधे काढण्याचा उद्देश होता म्हणून एमबीआरच्या पुढे ओझोन आणि कोळसा या दोन्ही पायऱ्या ठेवल्या. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळील हेर्लेव्ह रुग्णालयात २०१४ मध्ये प्लँट उभा राहिला. तेथील पडदे चिनी मातीच्या जातीच्या फिरत्या तबकड्यांचे आहेत आणि पुढे कोळसा, ओझोन व अतिनील किरण आहेत. एवढ्या श्रीमंत देशांनीही औषधांसाठी नुसत्या मेंब्रेनवर भरवसा ठेवला नाही, हे पाहण्यासारखे आहे. युरोपातील या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. गटारातील औषधांचा मोठा वाटा घराघरांतून येतो, दवाखान्यांचा वाटा त्यामानाने लहान असतो. दवाखान्याच्या पाण्याची खरी ओळख म्हणजे चिवट जंतू आणि ठरावीक खास औषधे.

कायदा काय मागतो?

भारतात २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. प्रयोगशाळेतील कचरा आणि रक्ताचे नमुने जागीच निर्जंतुक करावेत, रासायनिक द्रव वेगळा ठेवून त्याच्यावर प्रक्रिया केल्यावरच तो इतर सांडपाण्यात सोडावा, असे हे नियम सांगतात. ज्या दवाखान्याचे पाणी नगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्रात जात नाही, त्याच्यासाठी सोडायच्या पाण्याच्या मर्यादा अशा आहेत : सामू ६.५ ते ९, तरंगता मळ लिटरमागे १०० मिलिग्रॅम, तेल-चरबी १०, बीओडी ३० आणि सीओडी २५०. शिवाय माशांची परीक्षा असते. त्या पाण्यात मासे ९६ तास ठेवले असता ९० टक्के मासे जगले पाहिजेत.

चांगला चाललेला एमबीआर बीओडी साधारण १० च्या आत आणतो. पण तेवढे न आणताही, साध्या पद्धतीचा नीट चालवलेला प्लँट ३० ची मर्यादा पाळू शकतो. ज्या शहरात गटार शेवटी चालू शुद्धीकरण केंद्रात पोहोचते, तेथे मानके वेगळी आहेत आणि कमी खर्चाची व्यवस्था पुरू शकते. म्हणून आपले गटार शेवटी कोठे जाते, हे नगरपालिकेत जाऊन आधी विचारावे. आम्ही विचारले तेव्हा कळले की आमचे गटार थेट नाल्याला मिळते.

साठ खाटांचा हिशेब

व्यापारी माणसाला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. १०० पर्यंत खाटांच्या दवाखान्यासाठी धुलाईसकट दर खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी धरण्याचा सरकारी संकेत आहे. आमच्या ६० खाटांना २०,४०० लिटर झाले. त्यातील ८० टक्के गटारात येते असे धरले तर रोज सुमारे १६,३०० लिटर, म्हणजे तासाला ६८० लिटर.

पडद्याच्या एक चौरस मीटरमधून तासाला १५ लिटर पाणी काढणे बेताचे समजले जाते. त्या हिशेबाने ४५ चौरस मीटर पडदा लागतो. पंपाला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते आणि धुण्यासाठी प्लँट थांबवावा लागतो, म्हणून ६० चौरस मीटर धरावा. ३६ इंच पन्ह्याच्या कापडाचे हे साधारण ६५ मीटर झाले. आमच्याकडे आलेल्या एका कोटेशनात पडदा फक्त २५ चौरस मीटर होता. किंमत कमी का, याचे उत्तर तेथेच मिळाले. कमी पडद्यातून जास्त पाणी ओढले की छिद्रे लवकर बुजतात. विकणारा तोपर्यंत पैसे घेऊन गेलेला असतो.

विजेचे असे. पडद्यावर गाळ चिकटू नये म्हणून खालून सतत हवा सोडावी लागते. मोठ्या प्लँटमध्ये हजार लिटरमागे १ युनिटच्या आसपास वीज लागते, लहान प्लँटमध्ये जास्त. आम्ही २ युनिट धरले. रोजचे ३२ युनिट, महिन्याचे ९६० युनिट. याशिवाय चालकाचा पगार, धुण्याची रसायने आणि नमुने तपासण्याची फी. पडदा ५ ते १० वर्षे टिकतो, पण तो चांगला सांभाळला तरच. म्हणून पडद्याच्या किमतीला ७ ने भागून तेवढी रक्कम दर वर्षी वेगळ्या खात्यात टाकावी. यंत्रमागाचा घसारा धरतो तसाच हा घसारा. आमचा पहिला प्लँट बंद पडला तो यंत्र वाईट होते म्हणून नव्हे. ते चालवण्याचा खर्च कोणत्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात धरला गेला नव्हता, म्हणून तो बंद पडला. ती चूक विश्वस्तांची होती आणि त्यांत आम्हीही होतो.

कशाने बिघडते?

पहिला शत्रू म्हणजे सूत. पट्टीचे धागे, कापसाचे बोळे, केस आणि धुलाईतील तंतू पोकळ दोऱ्यांभोवती गुंडाळतात आणि त्यांच्या जटा होतात. म्हणून प्लँटच्या आधी १ ते २ मिलिमीटरची बारीक जाळी हवी आणि ती रोज साफ झाली पाहिजे. दुसरा शत्रू स्वयंपाकघरातील तेलकटपणा. त्यासाठी तेल अडवणारी लहान टाकी आधीच बांधावी.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सफाई कामगाराला कोणी शिकवलेले नसते, त्यामुळे तो हायपोक्लोराइट आणि फिनेल बादलीने गटारात ओततो. जितके जास्त तितके स्वच्छ, असा त्याचा समज असतो. त्याने टाकीतील उपयोगी जिवाणू मरतात आणि प्लँट आठवडाभर काम करीत नाही. पुढे आरओ असेल तर क्लोरीन त्याचा पडदाही खाऊन टाकते. जंतुनाशक मापाने वापरणे आणि प्रयोगशाळेचा द्रव वेगळा ठेवणे याला यंत्र लागत नाही, शिकवण लागते.

चौथी गोष्ट गाळ. टाकीतून वेळोवेळी जादा गाळ काढावा लागतो आणि त्यात सगळे अडलेले जंतू असतात. तो कचराकुंडीत किंवा शेतात टाकू नये. नियमांप्रमाणे तो जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक केंद्राला जाळण्यासाठी किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राला द्यावा लागतो.

शुद्ध झालेले पाणी संडासाच्या टाक्यांना आणि बागेला वापरता येते. आमच्या दवाखान्यात उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तेथे ही बचत खरी आहे. पिण्यासाठी, वॉर्डात किंवा धुलाईसाठी मात्र ते वापरू नये आणि त्याचे नळ वेगळ्या रंगाचे असावेत.

विक्रेत्याला काय विचारावे?

१. पडदा किती चौरस मीटर आणि तासाला चौरस मीटरमागे किती लिटर धरले आहे?
२. दिवसा जास्त आणि रात्री कमी येणारे पाणी सारखे करणारी साठवण टाकी किती मोठी आहे?
३. बारीक जाळी आणि तेलाची टाकी किमतीत धरली आहे काय?
४. पडदा फाटला तर ते कसे कळणार? बाहेरच्या पाण्याचा गढूळपणा मोजणारे यंत्र आहे काय?
५. औषधे काढण्याचा दावा असेल तर त्यासाठी पुढची पायरी कोणती आणि कोळसा किती महिन्यांनी बदलायचा?
६. नवा पडदा आज कितीला मिळतो आणि तो दुसऱ्या कंपनीचा बसेल काय?
७. तीन वर्षांपेक्षा जुना असा आपला चालू प्लँट कोठे पाहता येईल?

सातवा प्रश्न विचारल्यावर आमच्याकडील तीनपैकी एक विक्रेता परत आला नाही.

आमच्या ट्रस्टने शेवटी असे ठरवले. पहिल्या सहा महिन्यांत प्रयोगशाळेचा द्रव वेगळा करायचा, जाळी आणि तेलाची टाकी बांधायची, सफाई कामगारांना जंतुनाशकाचे माप शिकवायचे आणि रोज खरोखर किती पाणी येते ते मोजायचे. त्या आकड्यावर नवी कोटेशने मागवायची. जागा अपुरी आहे आणि पाणी नाल्यात जाते, म्हणून आमच्या बाबतीत एमबीआर योग्य ठरेल असे दिसते. पण चालकाचे नाव आणि पुढील तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद ठरावात लिहिल्याशिवाय खरेदीवर सही करायची नाही, असे सर्वानुमते ठरले आहे. टाकीतले मोडके पलंगही आम्ही हलवायला सांगितले आहेत, कारण ती टाकी साठवणीसाठी कामाला येईल.